मिनिएचरचे नाजूक भाग: तूटफूट आणि दुरुस्ती

वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून, फासे टाकून, टेपने अंतर मोजत खेळायची लढाई. त्या मूर्तींना खेळणारे मिनिएचर किंवा नुसतं मिनी म्हणतात. मिनीचं काय तुटतं? भाला, तलवारीचं टोक, धनुष्य, झेंड्याची काठी, रणगाड्याची अँटेना, घोट्याशी बारीक झालेला पाय. जळगाव-धुळ्याकडे मिनी बहुतेक कुरियरनेच येतात आणि सुटा हात किंवा सुटा भाला काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे इथे मिनी रंगवणाऱ्याला दुरुस्ती आपोआपच शिकावी लागते.

मूळ भानगड मापाची आहे. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठावा हिस्सा, म्हणजे ३ सेंटिमीटर जाडीचा खरा दांडा मिनीत अर्ध्या मिलिमीटरचा व्हायला पाहिजे, आणि तेवढा बारीक ओतला तर डब्यातून निघायच्या आधीच जाईल, म्हणून बनवणारे तो मुद्दाम जाड करतात. तरी तो नाजूकच राहतो.

कसा तुटणार हे मटेरियलवर आहे. व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा मऊ मिश्रधातू, आधी वाकतं, आपण सरळ करतो, परत वाकतं, परत सरळ करतो, आणि अशात मुळाशी केसाएवढी चीर पडून एक दिवस टोक हातात येतं. शिवाय धातू जड, टेबलावरून पडला की स्वतःच्याच वजनाने मोडतो. कडक प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, हलकं असतं आणि त्यातल्या त्यात सोशिक. रेझिन, म्हणजे पातळ ओतून कडक केलेलं प्लास्टिक, बारकाव्याला भारी पण ठिसूळ. मिनी बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने २०११ मध्ये आपल्या बऱ्याच धातूच्या मूर्ती रेझिनमध्ये काढल्या, तेव्हापासून वाकड्या तलवारी आणि तुटके भाले हा नेहमीचा विषय झाला. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलेल्या मिनीला तर आपला मे महिनाच पुरे, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, बाहेर पारा ४५ वर असतो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीतली गरमी विचारूच नका.

भाला नुसता वाकला असेल, तुटला नसेल, तर रेझिनचा भाग चहाइतक्या गरम पाण्यात मिनिटभर धरायचा, बोटाने सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा, तो तसाच बसतो. धातूवर हा उपाय चालत नाही, तिथे चिमट्याने एकदाच, हळूहळू.

आता चिकटवणं. प्लास्टिक सिमेंट खरं म्हणजे चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतं. शेतात पाईपलाईन जोडलेल्या माणसाला हे सांगायला नको, पीव्हीसीचं सोल्युशन तेच करतं (पण तेच सोल्युशन मिनीवर लावू नका, फार जहाल असतं, चेहराच पुसला जाईल). धातू आणि रेझिनवर हे सिमेंट काहीच करत नाही, तिथे फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद लागतो. तो हवेतल्या दमटपणावर धरतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात जरा उशीर लावतो, तोंडाची वाफ मारली की धरतो. पावसाळ्यात बंद खोलीत जास्त ओतला तर जोडाभोवती पांढरी झाक येते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की तिथल्या तिथे दगड होतो, फट बुजवायला बरा. जास्तीचा गोंद कापसाने मात्र पुसू नये, भलताच तापतो, चटका बसतो. बोटं चिकटली तर नेलपॉलिश रिमूव्हर आहेच, पण ॲसिटोनचा थेंब प्लास्टिकच्या मिनीवर पडला की ती विरघळते.

इतकं करूनही टोकाला टोक चिकटवलेला भाला परत तुटतो. हा गोंद ओढ सहन करतो, आडवा झटका नाही, आणि भाल्याला झटका आडवाच बसतो. माझा एक घोडेस्वार चार वेळा चिकटवला, पाचव्यांदा मित्र म्हणाला, परत तुटना का भो? म्हणून माझं मत सरळ आहे, भाला चिकटवू नये, बदलावा.

बदलायचं म्हणजे जुना दांडा मुठीच्या वर-खाली कापून टाकायचा, मुठीच्या मधोमध टोच्याने खूण करायची आणि बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने ०.८ मिलिमीटरचं भोक आरपार पाडायचं. घाई केली की बिट मोडून मुठीतच अडकतं, दोन वळसे फिरवून भुगा झटकायचा, परत दोन वळसे. मग पितळी तार घालायची. तार, बारीक बिटं, चिमटे यासाठी सराफी कामाचं सामान विकणारं दुकान बघावं, जळगावसारख्या सोन्याच्या गावात ती अडचण नाही. तारेचं टोक हातोडीने चपटं करून कानशीने घासलं की भाल्याचं पातं तयार. हात किंवा पाय तुटला असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर भोक पाडून मध्ये टाचणीचा तुकडा घालतात, याला पिनिंग म्हणतात. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला रंगाचा ठिपका लावून दुसरी बाजू दाबायची, खूण उमटते. घडाने वाकलेल्या केळीला बाहेरून टेकू देतात, इथे तो आतून द्यायचा, एवढाच फरक. मोठा जोड असेल तर फेविक्विकऐवजी दोन ट्यूबवालं अॅरल्डाइट, आणि उरलेली फट एम-सीलने. अँटेनाला तार नको, डोळ्यात जाते. कपड्याच्या ब्रशचा नायलॉनचा केस लावला की वाकून परत उभा राहतो. पितळेवर रंगाआधी प्रायमर हवाच, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

तसं बघितलं तर खेळताना फार कमी मोडतोड होते, मिनी मोडते ती नेता-आणताना. मी एकदा भुसावळहून जळगावला येताना गाडीच्या डिक्कीत फोममध्ये खोचून आणल्या, आणि काढताना भाले फोममध्येच राहिले. आता प्रत्येक बेसखाली, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीखाली, निओडिमियमचं छोटं मॅग्नेट आहे आणि सगळी फौज पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात उभी राहते. स्टीलचा जेवणाचा डबा घेऊ नका, बऱ्याच स्टीलला मॅग्नेट धड धरत नाही, आधी लावून बघा. आणि उचलताना बेस धरायचा, पाहुण्यांच्या पोरांना हे पहिलं सांगायचं.

टोक तुटून खाली पडलं तर झाडू मारू नये. लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च फरशीला आडवा टेकवावा, कणाएवढ्या तुकड्याचीही लांब सावली पडते. मॅग्नेट फिरवून उपयोग नाही, व्हाइट मेटल त्याला चिकटत नाही.