झोंबणारे थेंब अधिक गुणकारी नसतात

डोळ्यांत टाकलेले थेंब जितके झोंबतील तितके औषध लागू पडते, हा समज रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर अनेक घरांत आजही आहे, आणि त्यापायी दिवसेंदिवस आग सोसणारी वडीलधारी माणसे पाहून वाईट वाटते. झोंबण्याचा गुणाशी संबंध नसतो. औषधाची आम्लता किंवा बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून त्यात घातलेले द्रव्य) हे त्याचे नेहमीचे कारण असते. क्षणभर चुरचुरणे आणि काही मिनिटे धूसर दिसणे, विशेषतः जेल किंवा मलमानंतर, स्वाभाविक आहे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी मात्र काही तास अंधुक दिसते, तेव्हा त्या अवधीत होडी किंवा दुचाकी चालवू नये. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण त्याहून अधिक डोळ्यात मावत नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. आग वाढत गेली, डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती वलये दिसली किंवा दृष्टी पूर्ववत झाली नाही, तर विलंब न करता बाटलीसह नेत्रतज्ज्ञांकडे जावे, परंतु काचबिंदूचे थेंब परस्पर बंद करू नयेत.