मंद लेझर म्हणजे एकटा फोटॉन नव्हे
(फोटॉन-किट घेणाऱ्या महाविद्यालयांसाठी माहिती)

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्राध्यापकांचा आम्हाला हमखास प्रश्न असतो: साधा लेझर फिल्टर लावून मंद केला की एकेक फोटॉन (प्रकाशाचा सर्वांत लहान कण) मिळेलच, मग महागड्या स्फटिकाचा खर्च कशाला?

तसा तो मिळत नाही. दर स्पंदात (लेझरच्या क्षणिक झोतात) सरासरी ०.१ फोटॉन उरेल इतका लेझर मंद केला, तरी शंभरातले नव्वद स्पंद रिकामे जातात, नऊएक स्पंदांत एक फोटॉन असतो आणि साधारण दोनशेंत एखाद्यात चक्क दोन किंवा अधिक येतात. प्रयोगवहीतली आकडेमोड इथेच बिघडते. प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाला (एकेका फोटॉनच्या स्थितीतून गणित करणाऱ्या यंत्राला) तर ठरल्या वाटेवर नेमका एकच फोटॉन लागतो. रिकामी वाट किंवा जोडी, दोन्हींनी उत्तर चुकते.

आमच्या किटमध्ये ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा लेझर बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिकातून जातो. क्वचित एखाद्या फोटॉनचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. त्यातला एक डिटेक्टरवर नोंदला गेला, की दुसरा वाटेत असल्याची वर्दी मिळते. या दुसऱ्यापुढे अर्धपारदर्शक आरसा (अर्धा प्रकाश आरपार सोडणारा, अर्धा परतवणारा) ठेवा. त्या दोन वाटांवरचे दोन डिटेक्टर एकदम जवळजवळ कधीच वाजत नाहीत, कारण फोटॉनचे अर्धे-अर्धे वाटे होत नाहीत. ग्रँजिए, रोजे आणि आस्पे या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच दाखवले, तेव्हा त्यांचा स्रोत कॅल्शियमचे अणू होता. आमच्या मते पदवीच्या मुलांनी निदान हा एक प्रयोग स्वतःच्या हाताने करायलाच हवा.

पुढची पायरी १९८७ ची, हाँग-ओऊ-मँडेल यांची: तंतोतंत सारखे दोन फोटॉन अशा आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आले, तर दोघेही एकाच बाजूने बाहेर पडतात. याच गुणावर क्वांटम गेट (क्वांटम संगणकातली गणिताची मूळ पायरी) बांधता येतात. एकेकटे फोटॉन, आरसे आणि डिटेक्टर एवढ्यावर क्वांटम संगणक शक्य आहे, हे निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये मांडले. आमचे किट म्हणजे संगणक नव्हे, त्याची पहिली पायरी आहे.

आता आपल्या हवेबद्दल. बीबीओ ओलावा ओढतो. जून ते सप्टेंबर काम संपले की स्फटिक लगेच हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी दिसले की बदला. भिंगे आणि आरसेही त्याच डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आणि खोलीतली ट्यूब लावण्याआधी डिटेक्टर बंद केलाच पाहिजे. चालू डिटेक्टरवर उजेड पडला तर तो निकामी होऊ शकतो.