दिसेल त्याला गोळी (झॉम्बी सर्व्हायव्हल गेममधली खेळाडू-हत्या आणि तिच्यावरचे उपाय)

झॉम्बींनी भरलेल्या मॅपवर खाणंपिणं शोधत जिवंत राहायचं, अशा मल्टिप्लेअर गेममध्ये एका खेळाडूनं दुसऱ्याला काही भांडण नसताना, बोलायचीही संधी न देता मारणं. खेळणारी पोरं याला केओएस (किल ऑन साइट, दिसला की मार) म्हणतात, जुनी मंडळी पीके (प्लेअर किलिंग) म्हणतात. डेझी, अनटर्न्ड, सेव्हन डेज टू डाय, प्रोजेक्ट झोम्बॉइड हे यातले ओळखीचे गेम. कॉल ऑफ ड्युटीत समोरच्याला मारणं हाच खेळ असतो, इथं तसं नाही, इथं मारणं हा बऱ्याच मार्गांपैकी एक मार्ग आहे आणि पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांशी लढायच्या) सर्व्हरवर तो नियमात बसतो, म्हणजे मारणाऱ्याला चीटर म्हणता येत नाही आणि मेलेल्याचे दोन-तीन तास मात्र पाण्यात जातात, सगळी कटकट तिथंच आहे.

उगम

यावर मुख्य मतं दोन. पहिलं मडवाल्यांचं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 च्या सुमारास मड नावाचा निव्वळ मजकुरावर चालणारा गेम केला, त्यात खेळाडू एकमेकांशी लढू शकायचे आणि लढाईत मेलेलं पात्र कायमचं पुसलंही जायचं. याच बार्टलनं 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले, कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे, आणि तेव्हापासून जो तो हे चार रकाने घेऊन फिरतोय. त्यातला कामाचा भाग वेगळाच आहे, मारणारे वाढले की गप्पिष्ट लोक गेम सोडतात, म्हणजे एका प्रकारची संख्या दुसऱ्यावर अवलंबून असते, पण रकाने सांगणारे हे सहसा सांगत नाहीत.

दुसरं मत हॅबिटॅटचं. लुकासफिल्मनं 1980 च्या दशकाच्या मध्याला कमोडोर 64 साठी हे ऑनलाइन जग तयार केलं, फोनच्या लाइनवरून खेळायचं. त्यात बंदूक होती, दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावताही यायची. मेलेला माणूस स्वतःचं मुंडकं हातात घेऊन घरी परतायचा, खिसे रिकामे आणि हातात जे होतं ते जिथं मेला तिथंच पडलेलं. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर या करणाऱ्यांनीच पुढं लिहून ठेवलंय की खून हा गुन्हा समजायचा का खेळाचा भाग, असं लोकांना विचारलं तर मतं बरोबर अर्धी-अर्धी पडली. मग तडजोड झाली, गावात हत्यार चालणार नाही, गावाबाहेर चालेल. ऑर्थोडॉक्स पंथाच्या एका खऱ्याखुऱ्या पाद्र्यानं तिथं चर्च उघडलं आणि आपल्या अनुयायांना हत्यार बाळगायला बंदी घातली. लोकांनी मत टाकून शेरीफही निवडला.

मडचा मान पहिलेपणाचा, त्यात वाद नाही. पण या नोंदीपुरतं हॅबिटॅटचं पारडं जड धरलंय, कारण बेसावध माणसाला मारून त्याचा माल नेणं आणि त्यावर खेळणाऱ्यांनीच बसून तोडगा काढणं, या दोन्ही गोष्टी तिथं एकाच ठिकाणी नोंदलेल्या सापडतात. नंतर 1997 मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, त्यात खुन्याचं नाव लाल दिसायचं, तरी खून थांबेनात, शेवटी 2000 मध्ये कंपनीनं त्या जगाच्या दोन प्रती केल्या, एकीत मारामारी चालू आणि दुसरीत बंद. आज सर्व्हर निवडताना पीव्हीपी का पीव्हीई (फक्त गेममधल्या शत्रूंशी लढायचं) असं जे विचारलं जातं त्याचं हे आधीचं रूप म्हणता येईल.

डेझी आणि माणुसकीचा आकडा

झॉम्बी आणि केओएस यांची जोडी खरी जमली ती डेझीमुळं. न्यूझीलंडच्या डीन हॉलनं लष्करातल्या प्रशिक्षणाच्या अनुभवावरून आर्मा 2 या गेमवर हा मॉड (तयार गेममध्ये बदल करून केलेला नवा खेळ) केला, 2012 च्या सुरुवातीला तो बाहेर आला. पुढं बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या झेक कंपनीनं डिसेंबर 2013 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून तो अर्धवट अवस्थेत विकायला काढला आणि डिसेंबर 2018 मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

मॉडमध्ये हत्या रोखायला केलेला प्रयोग बघण्यासारखा आहे. प्रत्येक खेळाडूला माणुसकीचा एक आकडा असायचा, खून केला की तो उतरायचा, कुणाला बँडेज बांधलं किंवा रक्त चढवलं की चढायचा, आणि फार खाली गेला की कपडेच बदलायचे म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळावं की हा डाकू. कल्पना चांगली होती. पण आधी गोळी कुणी झाडली हे यंत्राला नीट कळेना, स्वतःचा जीव वाचवणाराही डाकूच्या कपड्यात जायला लागला आणि ते कपडे दिसले की बाकीचे त्याला मारायला लागले. शिवाय हुशार डाकू थोडंफार डॉक्टरकाम करून आकडा धुऊन घ्यायचे. सुरुवातीला नव्या खेळाडूला मकारोव पिस्तूल मिळायचं, 2012 च्या मध्यात तेही काढलं, म्हणजे निदान येताक्षणी कुणी कुणाला मारू नये, तर झालं असं की पिस्तूलवाल्यांना नि:शस्त्र शिकार आयती मिळाली.

याच मॉडमधली रक्ताची पिशवी मात्र खरंच काम करून गेली. अंगात जास्तीत जास्त 12,000 रक्त, झॉम्बीनं फाडलं की धडाधड खाली, पडदा करडा दिसायला लागायचा, मांस खाऊन थोडं थोडं भरून निघायचं. पिशवीनं मोठी भर व्हायची, पण मूळ मॉडमध्ये ती स्वतःला लावता येत नव्हती. दुसरा माणूस लागायचाच. नियम नाही, शिक्षा नाही, फक्त गरज, आणि तेवढ्यावर अनोळखी लोक एकमेकांच्या जवळ जायचे. यातूनच फुकट उपचार करत फिरणाऱ्या खेळाडूंच्या टोळ्या उभ्या राहिल्या, लोक त्यांनाही मारायचे ते सोडा. (सोलापूरच्या माणसाला इथं डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच, 1938 मध्ये चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेले ते याच गावचे.)

लोक मारतात का

मजा येते म्हणून, माल पाहिजे म्हणून, कंटाळा आला म्हणून. ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. याहून मोठं कारण भीती. समोरचा मला मारेल या भीतीनं मी आधी मारतो आणि मी असाच विचार करणार हे त्याला माहीत असल्यानं तोही घोड्यावर बोट ठेवूनच असतो. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंगनं 1960 मध्ये अण्वस्त्रांच्या संदर्भात हेच मांडलं होतं, दोघांनाही भांडण नको असतं तरी अचानक हल्ल्याची परस्परांची भीती दोघांना भांडायला लावते.

रॉबर्ट ॲक्सेलरॉडनं 1980 च्या आसपास कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या स्पर्धा घेतल्या, त्यात जशास तसं वागणारा, पण पहिली खेळी नेहमी सहकार्याची करणारा अगदी साधा प्रोग्रॅम जिंकला. एक अट होती, तेच दोघं परत परत भेटले पाहिजेत. डेझीच्या चेर्नारस मॅपचं क्षेत्रफळ 225 चौ. किमी, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या हद्दीपेक्षा (सुमारे 178 चौ. किमी) मोठं, आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर माणसं जास्तीत जास्त 60. एवढ्या जागेत एवढी माणसं, त्यात नाव दिसत नाही, आवाज लक्षात राहत नाही, आज मारलेला उद्या ओळखू येत नाही. ॲक्सेलरॉडची अट इथं मोडते. कडक नियमांनी हत्या कमी होतात असं एक मत आहे, पण माणसं परत भेटायला लागली की आपोआप कमी होतात हे मत जास्त पटण्यासारखं आहे, छोट्या, ओळखीच्या लोकांच्या सर्व्हरवर तसंच दिसतं.

उपाय

पहिला उपाय न दिसणं. समुद्रकिनारा, मोठी शहरं आणि विमानतळ सोडून राहायचं, डोंगराच्या कण्यावर उभं राहायचं नाही, मोकळ्या रानात सरळ रेषेत पळायचं नाही. उघडं दार म्हणजे कुणीतरी येऊन गेलंय, झॉम्बीचं ताजं प्रेत म्हणजे अजून गेलेलं नाही. मूळ मॉडमध्ये झॉम्बी हे खेळाडू जवळ आल्यावरच तयार व्हायचे, त्यामुळं दुर्बिणीतून लांबच्या वस्तीत झॉम्बी फिरताना दिसले की जाणकार उलटा अर्थ काढायचे, तिथं माणूस आहे. झाडलेली गोळी झॉम्बींना आणि माणसांना दोघांनाही बोलावते, म्हणून बरेच जण रायफल पाठीवर ठेवून कुऱ्हाडीनंच भागवतात.

दुसरा, बोलणं. इथं बहुतेक जण चुकतात. समोरून पळत येत ‘फ्रेंडली, फ्रेंडली’ ओरडणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, डाकूही तेच ओरडतात. आडोशाला राहून, आपण त्याला बघितलंय हे आधी सांगायचं, मग काय पाहिजे ते, मग कुठल्या दिशेनं निघून जाणार ते. मारायचंच असतं तर आधीच मारलं असतं एवढं समोरच्याला कळलं की अर्धं काम होतं. हात वर करायची खूण गेममध्ये असते ती वापरावी, पण अंतर ठेवून.

तिसरा, मालाचा मोह कमी करणं. चांगली रायफल मिळाली की माणूस ती जाईल म्हणून बाहेरच निघत नाही, घाबरून सगळ्यांवर गोळ्या झाडतो. मिळालेला माल दोन-तीन ठिकाणी पुरून ठेवणारे मेल्यावर लवकर उभे राहतात आणि चिडतही कमी.

चौथा उपाय सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात. सेव्हन डेज टू डायमध्ये कुणी कुणाला मारू शकतं याचे चार पर्याय आहेत, कुणालाच नाही, फक्त आपल्या साथीदारांना, फक्त परक्यांना, किंवा सगळ्यांना. मेल्यावर काय पडावं हेही ठरवता येतं आणि लँड क्लेमचा ठोकळा लावला की त्या हद्दीतलं बांधकाम दुसऱ्याला फोडायला जड जातं. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये सेफहाऊस (परक्याला शिरता न येणारं घर) आहे, आणि सेफ्टीची सोय चालू असेल तर खेळाडूला मारामारी आधी स्वतः उघडावी लागते, ती लगेच उघडत नाही, मध्ये थोडा वेळ जातो आणि कवटीची खूण बाकीच्यांना दिसते, त्यामुळं पाठीत सुरा खुपसायला अवघड. यांच्या शेजारी डेझीचा माणुसकीचा आकडा ठेवला तर तो नंतर शिक्षा करायचा, ही सोय आधी सूचना देते. दुसरी पद्धत बरी.

सोलापुरात

इथली बहुतेक पोरं या गेमकडं मोबाइलवरच्या पबजीतून आली. त्याचंही मूळ परत डेझीतच आहे, आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीननं 2013 मध्ये डेझीवरच बॅटल रॉयलचा (शेवटी एकच उरेपर्यंत लढायचा) मॉड केला होता आणि 2017 मध्ये पबजी आला. भारतात सप्टेंबर 2020 मध्ये त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती बीजीएमआय आली. पण सवय बॅटल रॉयलची, दिसला की टिप, आणि ती सवय घेऊन डेझीत उतरलेला पोरगा स्वतःच केओएस करणारा होतो, त्याला त्यात वावगं वाटतच नाही. अनटर्न्ड फुकट आहे आणि साध्या पीसीवर चालतो, नवख्यांनी तिथं पीव्हीई सर्व्हरवर हात बसवलेला बरा.

गावाचा एक फायदा मात्र होतो. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असं सगळं एकाच गल्लीत बोललं जात असल्यानं व्हॉइसवर दोन वाक्यांत माणूस ओळखू येतो. 

‘मारू नको अण्णा, पाणी पायजे फक्त, जातो मी.’
‘कुठला बे तू?’
‘सोलापूर. सात रस्ता.’
‘खोटं बोलतो काय बे. नव्या पेठेत जायला कुठनं वळायचं सांग.’

अशी तपासणी झाली की गोळी सहसा सुटत नाही, सुटली तरी दुसऱ्या दिवशी पार्क चौकात जाब विचारला जातो. ॲक्सेलरॉडची अट इथं गावच पुरी करतं. याचा उलटा परिणामही आहे, गाववाल्यांची टोळी जमली की बाहेरच्यांना तीच टोळी दिसेल त्याला गोळी घालत सुटते.

मार्च ते मे दुपारी लाइट जाणं हा वेगळाच प्रश्न. डेझीत कनेक्शन तुटलं तरी पात्र काही सेकंद जागेवर उभंच राहतं, लढाई चालू असेल तर समोरच्याला आयता निशाणा. त्यातून वाचला तर ॲडमिनला वाटतं की मार खायला लागल्यावर मुद्दाम बाहेर पडला, याला कॉम्बॅट लॉगिंग म्हणतात आणि बऱ्याच खाजगी सर्व्हरवर त्याला बॅन आहे. म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर, दोन्ही लागतं, नुसता यूपीएस असेल तर कॉम्प्युटर चालू राहतो आणि नेट जातं. सर्व्हर मुंबईचा असेल तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी, सिंगापूरचा असेल तर थोडा जास्त, युरोपातल्या सर्व्हरवर समोरासमोरच्या गोळीबारात पडायचं नाही, गोळी लागलेली आपल्याला उशिरा कळते.