आयटीआयनंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप : अर्ज नेमका अडतो कुठे?

अ‍ॅप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. बाद झाला की मात्र महिने जातात, आणि बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही. नुसता क्रम उलटा असेल तर निभावतं. स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तर नाही. दहावीची मार्कशीट प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. तेही केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया’ पोर्टलवर नोंदणी करण्याआधी.

वय किमान १४, धोकादायक कामांसाठी १८. कमाल वय जाहिरातीप्रमाणे; रेल्वेत साधारण २४, राखीव गटांना सवलत. पण हे वय जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात, तुम्ही फॉर्म भरता त्या दिवशी नाही. निकालाचंही तसंच. रेल्वेला जाहिरातीच्या तारखेला आयटीआय पास झालेलाच उमेदवार लागतो. ‘शेवटच्या तारखेपर्यंत निकाल येईल’ म्हणून भरलेले फॉर्म दरवर्षी बाद होतात. केंद्राच्या जागांसाठी ओबीसींचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातला घेऊन येऊ नका, दुसरी फेरी पडते.

एसटी महामंडळाच्या जाहिरातींत बहुधा आधी पोर्टलवर नोंदणी आणि मग विभागाचा वेगळा अर्ज, अशी दोन कामं असतात. पहिलं करून घरी बसणारे कमी नाहीत.

बँकेचं तर विचारू नका. ‘आधार लिंक आहे’ असं काउंटरवर सांगतात. पण सरकारी पैसे थेट जमा व्हायला खातं डीबीटीसाठी आधारशी जोडलेलं लागतं, ते वेगळं. तसं स्पष्ट विचारा. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला पहिल्या वर्षी किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा सरकार उचलतं. खातं नीट जोडलेलं नसेल तर तेवढाच भाग अडकतो आणि पोरं कंपनीशी भांडत बसतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक कामावर रुजू झाल्यावर होते. कंपनी गेटपास देते, बूट देते, मशिनवर उभं करते, पण पोर्टलवर करारच नोंदवत नाही. करार नसेल तर तुम्ही कायद्याने अ‍ॅप्रेंटिस नाही. वर्षभर वेल्डिंग केलं तरी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. रेल्वेच्या ‘लेव्हल एक’च्या (जुन्या ग्रुप डीच्या) भरतीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अ‍ॅप्रेंटिसना २० टक्के जागा असतात, त्याही हातच्या जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यात करार क्रमांक मागा. ‘नंतर करू’ म्हणाले तर पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमध्ये पाहा आणि जवळच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात (अ‍ॅप्रेंटिसचं काम पाहणाऱ्या केंद्रात) लेखी कळवा.

आणि हो, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी. तिच्या प्रमाणपत्रावर व्यवसाय परीक्षेला बसू देत नाहीत.