पार्किंगमधला केना खिडकीत

गेल्या जुलैत सोसायटीच्या पार्किंगमधून दोन तणं मी मातीच्या गोळ्यासकट उचलून घरात आणली. एकदांडी भर उन्हातल्या फरशीच्या फटीतून काढली, केना पाण्याच्या टाकीमागच्या ओलसर सावलीतून. एकदांडीला काही ठिकाणी दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणतात. लहानपणी गुडघा फुटला की हिचाच पाला चुरडून लावायचे. हिला मरण नाही, अशी माझी समजूत. तीन आठवड्यांत ती फिकट आणि लांबुडकी होऊन आडवी पडली, आणि गणपती यायच्या आत गेली. नाजूक दिसणारा केना मात्र अजून आहे.

दोष पाण्याचा नव्हता, उजेडाचा होता. आपल्याला घर उजेडाचं वाटतं, कारण अंधूक जागी आपली बाहुली मोठी होते आणि डोळा सांभाळून घेतो. झाडाला ती सोय नाही. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेऊन मी घरभर फिरलो, तर खिडकीलगत दीड-दोन हजार आणि सोफ्याच्या कोपऱ्यात जेमतेम शंभर. प्रत्येक झाडाची उजेडाची एक पातळी असते, जिथे पानांची कमाई आणि श्वसनाचा खर्च सारखाच होतो. त्याखाली झाड साठवणीवर जगतं आणि साठा संपला की मरतं. उन्हात वाढणाऱ्या झाडांची ही पातळी सावलीतल्या झाडांपेक्षा बरीच वर असते.

त्यातून एकदांडीसारखी झाडं उजेड कमी झाला की आणखी एक चूक करतात. शेजारच्या गवताने आपल्याला झाकलंय असं धरून ती असेल-नसेल ते सगळं देठ लांबवण्यात घालतात. माळावर हा जुगार जमतो, कारण तिथलं गवत वीतभर उंच असतं. हॉलमध्ये स्पर्धेला कुणीच नसतं, तरी बिचारी धावत राहते.

मनी प्लांट टिकतो, कारण तो मुळात प्रशांत महासागरातल्या एका बेटावरच्या झाडीतला. मोठ्या झाडांखालच्या अपुऱ्या उजेडात वाढायची त्याला सवय. म्हणून तण निवडताना फुलं बघू नयेत, ते उगवलंय कुठे ते बघावं. भिंतीच्या सावलीतलं, पन्हळीखालचं, जिन्याच्या कोपऱ्यातलं तण घरात रमण्याची शक्यता जास्त.

केन्याचे तर नातेवाईक आधीच घरोघरी आहेत. नर्सरीत टांगलेल्या कुंडीतून लोंबणारी, जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची झेब्रिना केन्याच्याच कुळातली. दोघांचाही देठ पेरापेराने वाढतो आणि पेर मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात. झेब्रिना पैसे मोजून आणायची आणि केना उपटून फेकायचा, हा न्याय मला पटत नाही. स्पायडर प्लांटचंही तसंच. पावसाळ्यात बाजारात येणारी कुलूची भाजी त्याच्याच प्रजातीतली आहे.

आंबुशी उचलून आणावी लागली नाही. नर्सरीतून आणलेल्या कुंडीतून ती स्वतःच आली. पिकलेली शेंग बोटाने जरा दाबली की बिया फटाफट हातभर लांब उडतात, म्हणून एका कुंडीतली चार कुंड्यांत होते. संध्याकाळी तिच्याकडे बघत बसावं: तिन्ही हृदयाकृती पर्णिका मिटलेल्या छत्रीसारख्या खाली झुकतात. पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी निघून गेलं की पान लवतं. हे अंधार पडल्यामुळे होतं का? १७२९ मध्ये फ्रान्समधल्या द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. त्यांनी पानं मिटणारं एक झाड, बहुधा लाजाळू, अंधारात नेऊन ठेवलं. तिथेही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. झाडात स्वतःचं घड्याळ आहे याचा हा पहिला पुरावा, आणि तो मिळाला आपल्याकडे रानोमाळ माजणाऱ्या तणासारख्याच एका झाडाकडून.

सगळीच तणं मात्र घरात घेऊ नयेत. गाजरगवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो. धोतरा विषारी, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नकोच. जे आणाल ते दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, मातीतून मुंग्या आणि पिठ्या ढेकूण येतात. आणि तेरड्यासारखं एका पावसाळ्याचं झाड दसऱ्यानंतर वाळलं, तर स्वतःला बोल लावू नका. त्याचं आयुष्यच तेवढं.

केन्याकडे परत येतो. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखं गळून जातं. तिसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीत मधमाशी काही फिरकत नाही. पण कुंडी बदलताना मातीत पांढुरक्या फांद्या दिसल्या आणि त्यांना टोकाशी फुगलेल्या कळ्या. ही केन्याची जमिनीखालची फुलं. ती कधी उमलतच नाहीत; मिटल्या मिटल्या स्वतःचंच परागीभवन करून बी धरतात, आणि ते बी वरच्या फुलांच्या बियांपेक्षा मोठं असतं. ती जुनी माती मी तुळशीच्या कुंडीत टाकली होती. आता तिथे तीन केने उगवलेत, आणि घरी रोज विचारणा होते की हे उपटायचं कुणी.