डोक्यावरची टोपली

1891 च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकावर अवघड काम येऊन पडले होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी, आणि त्यांच्यासाठी नवा खेळ शोधायला विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी दिलेली चौदा दिवसांची मुदत. त्यातूनच बास्केटबॉल जन्माला आला. आधी फुटबॉल आणि जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा लॅक्रॉस हे खेळ व्यायामशाळेत खेळवून पाहिले, तर दुखापतींचीच भीती वाढली.

गोल उभा असला की चेंडू जितका जोरात मारावा तितका फायदा होतो, हे नेस्मिथ यांनी हेरले. ऑन्टारिओतील बालपणी ते खडकावर ठेवलेला दगड दुरून दगड मारून पाडण्याचा, आपल्या लगोरीची आठवण यावी असा एक खेळ खेळत. त्यात जोरात मारलेला दगड चुकला की लांब जाई आणि तो आणताना खेळाडू पकडला जाई. अलगद उंचावरून टाकलेला मात्र जवळच पडे. म्हणून त्यांनी गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर नेला. त्यांना खोकी हवी होती, पण रखवालदाराला पीचच्या टोपल्याच सापडल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता. तीच उंची आजही कायम आहे.

यामागचे गणित मला फार सुंदर वाटते. टोपलीच्या जागी आलेल्या आजच्या कड्याचा व्यास 45.7 सेंटिमीटर, तर चेंडूचा सुमारे 24. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण तोंड मिळते; 45 अंशांनी आला तर तेच तोंड 32 सेंटिमीटरइतके अरुंद होते; आणि कोन 32 अंशांहून कमी झाला की कड्याला न घासता आत जाणे अशक्यच. त्यामुळे ताकदीपेक्षा कमान महत्त्वाची ठरते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात क्रीडाविभाग सांभाळलेले नेस्मिथ 1898 मध्ये वैद्यकीय डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी बास्केटबॉलबरोबर धावण्या-उड्यांच्या स्पर्धांचे संघही घडवले. त्यांच्या बास्केटबॉल संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी पुढे तेथे 590 जिंकले. नेस्मिथ यांचे मोल या आकड्यांवरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांचे लक्ष विद्यार्थ्यांच्या प्रकृतीवर होते.

1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला 19–8 असे हरवले. चिखलात चेंडूचा टप्पाच पडेना, त्यामुळे खेळाडूंना तो हातोहात पुढे द्यावा लागला. म्हणजे पावसाने खेळ जणू त्याच्या मूळ रूपाकडे नेला: चेंडू घेऊन धावायचे नाही, जेथे झेलला तेथूनच फेकायचा, हा नेस्मिथ यांच्या मूळ तेरा नियमांपैकी एक होता.