ओयेझ, हुझे, हुर्रे : इंग्रजी आरोळ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कामकाज सुरू होताना आजही ललकारी उठते, "ओयेझ, ओयेझ, ओयेझ!" तीनदा. शब्द नॉर्मन फ्रेंचमधला, अर्थ आपल्या दवंडीवाल्याचाच : ऐका हो ऐका! इंग्लंडच्या कोर्टांत इंग्रजीतून बाजू मांडायचा कायदा १३६२ साली झाला (तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता). कोर्टाच्या दप्तरातली लॅटिन १७३३ साली हटली. ओयेझ मात्र टिकला. अर्थ न कळणाऱ्या लोकांना तो "ओ येस" असा ऐकू यायचा आणि जुन्या लिखाणात कित्येकदा तसाच उतरलेला दिसतो. आरोळी माणूस कानाने शिकतो, अक्षरं मागाहून जुळवतो. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

टाळ्यांचे शब्द रोमन नाटकांतून आले. खेळ संपला की नट "प्लाउदिते" म्हणत, म्हणजे टाळ्या वाजवा. त्याचंच इंग्रजीत झिजून "प्लॉडिट" झालं. "एक्स्प्लोड" त्याच घराण्यातला. त्याचा जुना अर्थ स्फोट होणे असा नव्हता. टाळ्या पिटून, गलका करून नटाला रंगमंचावरून हुसकावणे, म्हणजे चक्क हुर्यो उडवणे. स्फोटाचा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला.

खरा गुंता आहे तो "हुझा" या शब्दाचा. राजा आला, लढाई जिंकली, जहाज बंदराला लागलं की इंग्रज गर्दी हा जयघोष करायची. सतराव्या-अठराव्या शतकातले लेखक तो मूळचा खलाशांचा म्हणतात. दोर ओढताना, शीड चढवताना जी हाक घालतात तिच्याशी काही जण त्याचं नातं जोडतात. मला ते पटतं. एका दमात सगळ्यांनी मिळून ओरडायची सवय जहाजावर लागते, दरबारात नाही.

पण त्याचा उच्चार काय? अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाचे प्रसंग जुन्या पोशाखात साकारणारे हौशी लोक "हुझा" ओरडतात, आणि चित्रपटांतूनही तेच ऐकू येतं. माझ्या मते ते चुकीचं आहे. १७३४ च्या एका गाजलेल्या काव्यात "आउटवेज" या शब्दाशी "हुझाज"चं यमक साधलं आहे. ते जुळायचं तर शेवटी "ए" यायलाच हवा, म्हणजे "हुझे". एका यमकावर किती विसंबायचं, असं कोणी म्हणेल. त्याच कवीने "ओबे"शी "टी"चं, म्हणजे चहाचं, यमक जुळवलंय, आणि तेव्हा चहाला "टे" म्हणत हे इतर पुराव्यांवरूनही माहीत आहे. हा माणूस यमकात चालढकल करणारा नव्हता. छापलेल्या स्पेलिंगपेक्षा या दोन ओळींवर माझा जास्त भरवसा आहे.

"हुर्रा" सतराव्या शतकाच्या शेवटी दिसू लागतो. तो हुझाचाच बदललेला अवतार की जर्मन सैनिकांकडून आलेला, यावर एकमत नाही. १८१३ च्या सुमारास प्रशियन सैन्याने त्याची रणगर्जना केली, हे नक्की.

त्याच्या आधी जोडलेल्या "हिप हिप"वर एक डाग लावला जातो. १८१९ साली जर्मन प्रदेशांत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा जमाव "हेप हेप" ओरडत होता. ते "जेरुसलेम पडलं" या लॅटिन वाक्याचे आद्याक्षर असल्याची कथा तेव्हापासून फिरते आहे. तिला पुरावा नाही. हल्ले खरे, घोषणा खरी, व्युत्पत्ती मात्र रचलेली. हाक मारायला "हिप" म्हणणं इंग्रजीत अठराव्या शतकातच होतं. निष्पाप शब्दाला असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्या शाळांच्या मैदानावर एक पोरगं "हिप हिप" म्हणतं आणि बाकी सगळी "हुर्रे" म्हणून उसळतात. तिथे शेवटी "ए"च आहे.

पुन्हा गाण्याची मागणी करायला इंग्रज प्रेक्षकांनी अठराव्या शतकात फ्रेंच "आँकोर" उचलला. स्वतः फ्रेंच लोक मात्र "बिस" म्हणतात. १८८० नंतर संगीत नाटक बहरलं तेव्हा मराठी प्रेक्षकाने यातलं काहीच घेतलं नाही. त्याने साध्या इंग्रजीतून "वन्स मोअर" पुकारलं आणि त्याचं नामच करून टाकलं : पदाला तीन वन्समोअर पडले.